टीव्ही मालिकांवरची जुनी कॉमिक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या जुन्या टीव्ही मालिकांवर निघालेल्या कॉमिक्सबद्दल मी लिहायला लागल्यापासून वाचकांकडून तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. कुणाला रद्दीत एखादा अंक सापडलेला असतो. कुणी परदेशातून पहिला अंक मागवण्याच्या बेतात असतो, तर कुणाला वडिलांच्या ट्रंकेतल्या अंकांचं काय करावं ते कळत नसतं. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टीव्हीवरची कॉमिक्स म्हणजे नेमकी कोणती?

टीव्हीवर चाललेल्या मालिकेचे हक्क रीतसर विकत घेऊन, तीच पात्रं आणि तेच जग वापरून काढलेली कॉमिक्स. 'आय लव्ह लूसी', 'बोनान्झा', 'द ट्वायलाइट झोन', 'स्टार ट्रेक', 'द मन्स्टर्स', 'डार्क शॅडोज' ही त्यातली ठळक नावं. या प्रकाराचा भर साधारण १९५० ते १९८० असा होता. मुखपृष्ठावर बहुधा नटांचा फोटो असायचा आणि आत हाताने काढलेली चित्रकथा. फोटोतला चेहरा आणि आतला चेहरा यांत फरक दिसला तर आश्चर्य वाटू देऊ नका. तो का पडायचा ते प्रश्न ५ मध्ये आहे.

२. डेल, वेस्टर्न, गोल्ड की ही वेगवेगळी नावं दिसतात. कोण कुणाचं?

हे एकदा समजलं की निम्मा गोंधळ संपतो. विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावची वेस्टर्न पब्लिशिंग ही कंपनी हक्क मिळवायची, लेखक-चित्रकारांकडून काम करून घ्यायची आणि अंक छापायची. पैसा आणि वितरण डेलचं, म्हणून अंकावर नाव डेलचं. १९६२ साली दोघांनी फारकत घेतली. बहुतेक मालिकांचे हक्क वेस्टर्नकडे होते, त्यामुळे वेस्टर्नने 'गोल्ड की' हे नवं नाव घेतलं आणि जुन्या मालिका तशाच पुढे चालवल्या. 'बोनान्झा' आधी डेलचं आणि मग गोल्ड कीचं दिसतं ते याच कारणाने. डेलही थांबली नाही. नवे हक्क घेऊन तिने 'बिविच्ड', 'मिशन: इम्पॉसिबल', 'होगन्स हीरोज' अशी कॉमिक्स काढली आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला या धंद्यातून अंग काढून घेतलं.

सत्तरच्या दशकात कनेटिकटमधली चार्ल्टनही यात होती. तिच्या 'स्पेस: १९९९'मध्ये जॉन बर्न या पुढे खूप नावाजलेल्या चित्रकाराचं अगदी सुरुवातीचं काम पाहायला मिळतं.

३. मालिका टीव्हीवर फुकट दिसत होती, तर लोक पैसे देऊन कॉमिक का घ्यायचे?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे. त्या काळी एखादा भाग चुकला की चुकला. एकदा पुनःप्रक्षेपण झालं तर झालं, नाहीतर तो भाग फक्त बघितलेल्यांच्या आठवणीत राहायचा. घरी कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवायची यंत्रं १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात घरोघरी जायला लागली. त्याआधी आवडती मालिका हातात धरायची, उशीखाली ठेवायची, मित्राला द्यायची, तर दहा-बारा सेंटचा हा अंक हाच सोपा मार्ग होता.

दुसरं कारण रंगाचं. 'बोनान्झा' १९५९ पासून रंगीत प्रक्षेपित व्हायची, पण साठच्या दशकात बहुतेक अमेरिकन घरांतले संच काळे-पांढरेच होते. अशा घरातल्या मुलाला मालिकेतल्या कार्टराइट कुटुंबाचे कपडे कोणत्या रंगाचे आहेत ते मुखपृष्ठावरच्या फोटोतच दिसायचं. म्हणून या अंकांना मालिकेची जोडवस्तू म्हणून बाजूला टाकणं मला पटत नाही. मालिका घरात 'राहायची' ती या कागदावर.

४. यातल्या गोष्टी मालिकेच्या भागांवरूनच घेतलेल्या असतात का?

बहुतेक वेळा नाही. गोष्टी नव्याने लिहिलेल्या असत. अंक आधी तयार व्हायला लागायचा, आणि बघितलेलीच गोष्ट पुन्हा विकण्यापेक्षा नवी गोष्ट देणं सोयीचं होतं. गोल्ड कीचं 'स्टार ट्रेक' पूर्णपणे नव्या कथांचं आहे.

अपवाद मात्र महत्त्वाचा आहे. डिस्नीच्या 'झोरो' मालिकेवर डेलने काढलेल्या अंकांत मालिकेच्या भागांच्याच गोष्टी येतात. त्यातल्या गाजलेल्या अंकांची चित्रं ॲलेक्स टॉथ या चित्रकाराची. पटकथेतल्या लांबलचक संवादांवर तो नाराज होता. तरी काळ्या सावल्यांचे मोठे ठोकळे टाकून त्याने रात्र, भिंती आणि झोरोचा झगा असा उभा केला की शब्द कमी वाचले जातात आणि चित्र जास्त. एखादाच अंक पाहायची संधी मिळाली तर हा पाहा.

५. गोल्ड कीच्या 'स्टार ट्रेक'मध्ये एवढ्या चुका कशा? एंटरप्राइजच्या मागून ज्वाळा निघतात!

निघतात खऱ्या. अवकाशयानाच्या दोन्ही नळकांड्यांतून रॉकेटसारखी आग, गणवेशांचे भलतेच रंग, सुरुवातीच्या अंकांत ओळखू न येणारा यानाचा अभियंता स्कॉटी. कारण सरळ आहे. पहिला चित्रकार नेव्हिओ झेकारा आणि त्याच्यानंतर दीर्घकाळ काम केलेला अल्बेर्तो जोलित्ती हे दोघेही इटालियन. जोलित्ती रोममध्ये बसून चित्रं काढायचा आणि त्याने मालिका पाहिलेलीच नव्हती. हाताशी होते ते प्रसिद्धीसाठी काढलेले मोजके फोटो. ज्याचा फोटो आला नाही, तो माणूस अंदाजाने काढायचा. यानावरचा अधिकारी स्पॉक याचे फोटो मुबलक, म्हणून तो चांगला उतरलाय.

लिखाणातही पहिल्या अंकांवर मालिकेची छाप कमी आहे. जुलै १९६७च्या पहिल्या अंकात एका ग्रहावर माणसं गिळणाऱ्या वनस्पती सापडतात, आणि शेवटी एंटरप्राइज किरणांचा मारा करून त्या सरसकट नष्ट करते. पडद्यावरचा यानाचा कप्तान कर्क परक्या जीवसृष्टीबाबत असा निर्णय इतक्या सहज घेणार नाही. १९७१च्या सुमारास लेन वाइन लिहायला आला आणि पात्रं मालिकेतल्यासारखी बोलायला लागली.

तरीही माझं मत असं की जोलित्तीची पानं चुकांच्या यादीपलीकडे जाऊन पाहावीत. त्याची परग्रहांची दृश्यं, पडकी शहरं, दऱ्या-खोरी यांना जी भव्यता आहे ती त्या काळच्या टीव्हीच्या खर्चात बसणारी नव्हती. मालिकेला जे परवडलं नाही ते त्याने शाईने उभं केलं.

६. मालिका बंद पडल्यावर कॉमिकही बंद व्हायचं ना?

तसा नियम नव्हता. 'स्टार ट्रेक' मालिका १९६९ मध्ये संपली, गोल्ड कीचं कॉमिक १९७९ पर्यंत चाललं आणि ६१ अंक निघाले. त्या दहा वर्षांत स्थानिक वाहिन्यांवर जुने भाग पुन्हा पुन्हा लागत होते आणि चाहते वाढत होते. 'द ट्वायलाइट झोन'चं उदाहरण आणखी विलक्षण आहे. मालिका १९६४ला संपली आणि गोल्ड कीचं कॉमिक १९८२ पर्यंत पोचलं. सूत्रधार रॉड सर्लिंग १९७५ साली वारला, पण कॉमिकच्या पानांवर तो पुढेही कथेची ओळख करून देत राहिला. याच कॉमिकच्या १९७८ मधल्या ८४व्या अंकात पुढे खूप गाजलेल्या फ्रँक मिलर या कॉमिक-चित्रकाराचं पहिलं व्यावसायिक काम आहे, म्हणून तो अंक 'ट्वायलाइट झोन'शी काही घेणं-देणं नसलेले लोकही शोधतात.

७. डेलच्या 'झोरो'चा पहिला अंक कुठेच मिळत नाही. दुर्मीळ आहे का?

तो निघालाच नाही. डेलची 'फोर कलर' नावाची एक मोठी माळ होती. तेराशेच्या वर अंक, आणि दर अंकात वेगळाच विषय. नवी मालिका आधी या माळेत घालून खप पाहायचा आणि चालली की तिचं स्वतंत्र कॉमिक काढायचं, अशी पद्धत. स्वतंत्र झालेल्या कॉमिकचे क्रमांक मोजताना माळेतले अंकही धरले जात. डिस्नीचा 'झोरो' माळेत सात वेळा आला (पहिला क्रमांक ८८२), म्हणून स्वतंत्र 'झोरो' थेट आठव्या अंकापासून सुरू होतो. 'आय लव्ह लूसी' माळेत दोनदा आलं आणि स्वतंत्र अंक तिसऱ्यापासून.

आता खरी मेख. बाजारात 'झोरो क्रमांक १' दिसतोच! तो १९६६ सालचा गोल्ड कीचा. त्यात डेलच्याच जुन्या गोष्टी पुन्हा छापल्या आहेत. वाचायला उत्तम, पण कुणी तो 'पहिली आवृत्ती' म्हणून चढ्या भावात देत असेल तर घेऊ नका.

८. माझ्या अंकावर महिना-वर्ष दिसत नाही. काळ कसा ओळखायचा?

मुखपृष्ठावर एक लांब आकडा शोधा. गोल्ड कीच्या अंकांवर तो १०२१०-७०७ असा असतो. पहिले पाच आकडे त्या शीर्षकाचे, शेवटचे तीन काळाचे. त्यातला पहिला ७ म्हणजे दशकातलं सातवं वर्ष आणि ०७ म्हणजे जुलै. दशक कोणतं ते आकडा सांगत नाही, ते किमतीवरून ताडायचं. बारा सेंट असेल तर साठचं दशक, पंचवीस किंवा तीस असेल तर सत्तरचं. इथे १९६७. डेलच्या १९६२ पासूनच्या अंकांवर ०१-८६०-२०७ अशी रचना दिसते. तिथेही शेवटचे तीन आकडे असेच वाचायचे, म्हणजे जुलै १९६२.

त्याने भागलं नाही तर पहिल्या पानाच्या तळाशी किंवा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरातला मजकूर पाहा. स्वामित्वहक्काचं वर्ष तिथे सापडतं.

९. अंक गोल्ड कीचाच, पण कोपऱ्यात 'व्हिटमन' छापलंय. नकली आहे का?

नाही. व्हिटमन हे वेस्टर्नचंच दुसरं नाव. सत्तरच्या दशकात तेच अंक व्हिटमनच्या छापाने, तीन-तीनच्या बंद पिशव्यांत घालून मोठ्या दुकानांत आणि खेळण्यांच्या दुकानांत ठेवले जात. आतला मजकूर तोच. १९८० मधले काही अंक फक्त अशा पिशव्यांतच विकले गेले आणि कमी प्रमाणात बाहेर पडले, त्यामुळे ते खरोखर दुर्मीळ आहेत.

असाच घोळ मागच्या पानाचा. गोल्ड कीच्या सुरुवातीच्या बऱ्याच अंकांच्या मागच्या बाजूला मुखपृष्ठाचंच चित्र अक्षरांशिवाय छापलेलं असतं आणि काही अंकांच्या दुसऱ्या प्रकारात तिथे जाहिरात असते. दोन्ही अस्सल. जॉर्ज विल्सनच्या रंगचित्रांची मुखपृष्ठं असतील तर मी बिनअक्षरी पान असलेला अंकच निवडेन.

१०. 'स्पेस फॅमिली रॉबिन्सन: लॉस्ट इन स्पेस' मालिकेवरून काढलंय ना? मग पात्रं वेगळी का?

कारण कॉमिक आधीचं आहे. गोल्ड कीने 'स्पेस फॅमिली रॉबिन्सन' डिसेंबर १९६२ मध्ये सुरू केलं. क्रेग, जून आणि त्यांची मुलं टिम आणि टॅम हे कुटुंब अवकाशस्थानकासह भरकटतं. 'लॉस्ट इन स्पेस' मालिका १९६५ला आली. तिथलंही कुटुंब रॉबिन्सनच, पण माणसं वेगळी, शिवाय यंत्रमानव आणि डॉक्टर स्मिथ. दोघांचं मूळ बेटावर अडकलेल्या रॉबिन्सन कुटुंबाच्या जुन्या कादंबरीत आहे. प्रकरण कोर्टात न नेता मिटवलं गेलं आणि कॉमिकला मालिकेचं नाव वापरायची मुभा मिळाली. १९६६च्या सुरुवातीपासून मुखपृष्ठावर 'लॉस्ट इन स्पेस' दिसू लागलं, आत मात्र शेवटपर्यंत मूळ कुटुंबच राहिलं.

म्हणजे नाव मालिकेचं असूनही हे मालिकेवरचं कॉमिक नाही. डॅन स्पीगलची चित्रं मात्र देखणी आहेत.

११. मग 'बॅटमॅन' आणि 'लोन रेंजर' या यादीत धरायचे का?

'बॅटमॅन' नाही. तिथे ओघ उलटा आहे, कॉमिकवरून १९६६ची मालिका झाली. पण त्या मालिकेच्या निर्मात्यांनी नव्या बॅटगर्लची कल्पना सुचवली आणि बार्बरा गॉर्डन जानेवारी १९६७च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' अंक ३५९ मध्ये आधी कागदावर आली, नंतर पडद्यावर. 'लोन रेंजर' १९३३ पासून रेडिओवर होता. डेलचं कॉमिक १९४८चं, टीव्ही मालिका १९४९ची. पुढे मुखपृष्ठांवर क्लेटन मूर या टीव्हीवरच्या नटाचे फोटो यायला लागले. त्या फोटोंच्या अंकांना मी टीव्ही कॉमिक्समध्ये धरतो, आधीच्यांना नाही.

१२. ब्रिटनमध्येही अशी कॉमिक्स होती का?

होती, आणि ती साप्ताहिकं होती. एका अंकात अनेक मालिका, प्रत्येकीला एक-दोन पानं, आणि 'पुढील अंकी चालू'. 'टीव्ही कॉमिक' १९५१ पासूनचं. त्यात नोव्हेंबर १९६४ला 'डॉक्टर हू' सुरू झालं आणि डॉक्टरसोबत जॉन आणि गिलियन ही नातवंडं दिली गेली. मालिकेत ती कधीच नव्हती. डालेक, म्हणजे मालिकेतले डॉक्टरचे शत्रू, मात्र सुरुवातीला तिथे दिसत नाहीत, कारण त्यांचे हक्क दुसऱ्या साप्ताहिकाकडे होते.

ते साप्ताहिक म्हणजे जानेवारी १९६५ मध्ये निघालेलं 'टीव्ही सेंच्युरी २१', आणि त्याच्याबद्दल मी कितीही लिहू शकेन. जेरी अँडरसनच्या बाहुल्यांच्या मालिकांवर ते उभं होतं. पहिलं पान भविष्यातल्या वर्तमानपत्रासारखं: मथळे, बातम्या, फोटो, आणि तारीख बरोबर शंभर वर्षं पुढची, २०६५ची! वाचणारं मूल आजचं साप्ताहिक न वाचता पुढच्या शतकातला पेपर वाचत होतं. १९६६ पासून आतल्या मधल्या जोडपानावर फ्रँक बेलामीची 'थंडरबर्ड्स' यायची. चौकटी तिरक्या, दातेरी, स्फोटाने फुटल्यासारख्या. पडद्यावर बाहुल्यांच्या दोऱ्या दिसायच्या. बेलामीच्या पानावर तीच पात्रं हाडामांसाची झाली.

नंतरचं 'लुक-इन' १९७१ ते १९९४ चाललं.

१३. कॉमिक्स कोडचा शिक्का नाही. अंक बेकायदा आहे का?

मुळीच नाही. १९५४ मध्ये अमेरिकन प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि शिक्का सुरू झाला. आपली कॉमिक्स आधीच स्वच्छ आहेत असं म्हणत डेलने त्यात भाग घेतला नाही आणि अंकांत पालकांना उद्देशून स्वतःचं प्रतिज्ञापत्र छापलं. गोल्ड कीनेही शिक्का घेतला नाही.

१४. आपल्याकडे हे अंक सापडतात का?

सापडतात, पण ठरवून नाही. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या ढिगाऱ्यात मला सुटे अंक मिळालेत. बहुतेक मुखपृष्ठाविना, कुणाच्या तरी नावाच्या शिक्क्यासह. मला ते शिक्के प्रिय आहेत. मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. तोवर 'स्टार ट्रेक' अमेरिकेत संपून तीन वर्षं झाली होती. त्यामुळे आधी ज्याच्या हाती हे कॉमिक पडलं, त्या इथल्या वाचकाला स्पॉक कागदावरच भेटला. मालिका आपल्याकडे दूरदर्शनवर दिसली ती १९८०च्या दशकात.

१५. पावसाळ्यात हे अंक कसे जपायचे?

कागद वर्तमानपत्री, लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं आम्ल त्याला आपोआप पिवळं आणि ठिसूळ करतं, आणि दमट हवा ते काम लवकर उरकते. कोकण-मुंबईकडे राहत असाल तर:

बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा, ओल तिथूनच येते. प्रत्येक अंक मायलरच्या (पारदर्शक पॉलिस्टरच्या) पिशवीत, मागे आम्लविरहित पुठ्ठा, आणि डब्यात उभा. डबा गच्च भरू नका, सैलही ठेवू नका, नाहीतर अंक वाकतात. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी बदला. डांबराच्या गोळ्या अंकांसोबत नकोत. कसर पळेल, पण वास कागदात मुरतो आणि जात नाही. उन्हात वाळवू नका, रंग उडतात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर कधीच नाही. पिना गंजल्या असतील तर ओढून काढायच्या भानगडीत पडू नका, गंजाभोवतीचा कागद आधीच कमजोर झालेला असतो.

परदेशातून मागवताना अंक दोन कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये आणि वरून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायला विक्रेत्याला आधी लेखी सांगा. एकदा मी हे सांगायला विसरलो. पार्सल जुलैच्या पावसात फाटकावर ठेवलं गेलं आणि 'डार्क शॅडोज'चे चार अंक एकमेकांना चिकटलेले हातात आले.

१६. किंमत कशावर ठरते? प्लॅस्टिकच्या पेटीत सील केलेला अंक घ्यावा का?

मालिकेचे चाहते आज किती आहेत यावर सगळ्यात जास्त. 'स्टार ट्रेक'चा पहिला अंक महाग आहे. त्याहून जुन्या कितीतरी काउबॉय मालिकांचे अंक स्वस्तात मिळतात, कारण त्या मालिका पाहत वाढलेली पिढी आता थकली. मग अवस्था: मुखपृष्ठ शाबूत, मधली पानं जागेवर, कूपन कापलेलं नाही, सोबतचं पोस्टर असल्यास ते आहे का (आरंभीच्या 'डार्क शॅडोज'मध्ये हे नक्की विचारा). चित्रकाराचं नाव त्यानंतर येतं, जरी माझ्या लेखी ते पहिलं यायला हवं.

सील करून दहापैकी गुण देण्याची व्यवस्था २००० सालापासून रुळली. महागड्या अंकाच्या खरेपणाची खात्री त्यातून मिळते. पण पेटीतला अंक उघडता येत नाही, आणि मी अंक वाचण्यासाठी घेतो.

१७. मूळ अंक परवडत नाहीत. नुसतं वाचायचं असेल तर?

पुनर्मुद्रणं घ्या. 'स्टार ट्रेक'चे गोल्ड की अंक १९७६-७७ मध्ये 'एंटरप्राइज लॉग्ज' या नावाने चार जाड खंडांत निघाले. पुढे आयडीडब्ल्यू या प्रकाशकाने ते नव्याने छापले. 'डार्क शॅडोज' हर्मिस प्रेसने बांधीव खंडांत आणलं आहे.

नव्या छपाईत कागद पांढराशुभ्र असतो आणि त्यावर जुने रंग डोळ्यांना टोचतात. मूळ रंग पिवळसर, शोषून घेणाऱ्या कागदाचा हिशोब धरून निवडलेले होते. म्हणून खंड वाचा, आणि सोबत एखादा मूळ अंक जरूर मिळवा. फाटका चालेल, मुखपृष्ठ नसलेलाही चालेल. जोलित्तीचं एक पान त्या कागदावर पाहा आणि मग तेच पान खंडात उघडा.